बंदुकांचे मास्तर : पी. ओ. अ‍ॅकली

संशोधक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, प्रयोगशाळा आणि नावापुढे डॉक्टर असं चित्र येतं. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांची डिग्री शेतीची होती. काही काळ त्यांनी बटाटे पिकवले आणि मग उरलेलं आयुष्य लेथसमोर उभं राहून रायफलच्या नळ्या बनवण्यात घालवलं. पण अमेरिकेत, जिथे शिकारी आणि नेमबाज आपली काडतुसं घरच्या टेबलावर स्वतःच भरतात, तिथे पार्कर ओटो अ‍ॅकली हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने तर हे नाव माहीत करून घ्यावंच, असं मला वाटतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख वाचून कोणी वर्कशॉपकडे धाव घेऊ नये! मला यात रस आहे तो धातूमध्ये, आणि एका माणसाच्या विचार करण्याच्या पद्धतीमध्ये.

अ‍ॅकली यांचा जन्म १९०३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रॅनव्हिल या छोट्या गावचा. १९२७ मध्ये त्यांनी सिरॅक्यूज विद्यापीठातून शेतीची पदवी घेतली, तीही उत्तम गुणांनी. पण पाठोपाठ १९२९ ची महामंदी आली. ते दिवस शेतकऱ्याच्या बाजूचे नव्हते. बंदुका दुरुस्त करायचा नाद आधीपासून होताच. शेवटी १९३६ साली त्यांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगन राज्यातल्या रोझबर्ग गावी, रॉस किंग नावाच्या कारागिराचं बंदुकांचं दुकान विकत घेतलं. तेव्हा वय तेहेतीस. आपल्याकडे या वयात माणूस होमलोनचे हप्ते मोजत असतो.

दुकान घेतलं म्हणून काम येतं असं नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते सिनसिनाटीला गेले आणि बेन हॉकिन्स या कारागिराकडे नळी बनवण्याची कला शिकले. नळी बनवणं म्हणजे काय, तर साठ-पासष्ट सेंटिमीटर लांबीच्या भरीव पोलादी दांड्यातून बोटापेक्षाही बारीक भोक आरपार पाडायचं, तेही सरळ. मग ते रीमरने गुळगुळीत करायचं. आणि मग आतून नागमोडी खाचा काढायच्या, म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. ज्यांनी लेथवर चार इंच खोल भोक पाडताना ड्रिल भरकटलेलं पाहिलंय, त्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

आता मुख्य विषयाकडे येऊ. रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बातम्यांमध्ये घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या असं वाचतो ना, तीच. गोळी जाते, दारू जळते, टोपी वाया जाते, पण पुंगळी शिल्लक राहते. हाच काडतुसाचा सगळ्यात महाग भाग. ती साफ करून, पुन्हा मापात आणून, नवी टोपी, दारू आणि गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. याला रीलोडिंग म्हणतात.

पण काही लोकांचं एवढ्यावर समाधान होत नाही. त्यांना हवं असतं ते काडतूस कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नसतं. पुंगळी शून्यापासून बनवायची तर पितळेच्या चकतीपासून टप्प्याटप्प्याने डीप ड्रॉइंग करत न्यावं लागतं. त्यासाठी मोठे प्रेस, भट्ट्या, डाय, म्हणजे अख्खा कारखाना लागतो. आपल्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा असा कारखाना आहे. घरच्या माणसाला हे कुठून परवडणार? मग तो बाजारात मिळणारी दुसरीच पुंगळी घेतो आणि तिचा आकार बदलतो. अशा काडतुसाला अमेरिकेत वाइल्डकॅट म्हणतात, म्हणजे रानमांजर. कुणाच्या मालकीचं नाही, कुठल्या यादीत नाही.

ही रानमांजरं अ‍ॅकलींच्या आधीपासून होती. कर्नल टाउनसेंड व्हेलेन यांच्या नावाचं .३५ व्हेलेन हे १९२२ चं. सैन्याच्या .३०-०६ काडतुसाची मान रुंद करून ते बनलं. नेड रॉबर्ट्स यांनी जर्मन ७ मिलिमीटर माउझरची पुंगळी घेऊन मान बारीक केली. पुढे १९३४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने तेच .२५७ रॉबर्ट्स म्हणून बाजारात आणलं. .२२-२५० हे तर तीसएक वर्षं रानमांजर होतं, १९६५ मध्ये रेमिंग्टनने त्याला घरात घेतलं. म्हणजे कंपन्यांचं संशोधन बऱ्याचदा लोकांच्या गॅरेजमध्ये आधीच होऊन गेलेलं असायचं.

मान बारीक करायची म्हणजे पुंगळीला तेल लावून डायमध्ये दाबायची. ऐकायला सोपं वाटतं. पण व्यास कमी केला की ते पितळ जाणार कुठे? भिंत जाड होते आणि मान थोडी लांब होते. लांबी कापता येते, पण जाडी फसवी. मान जाड राहिली तर चेंबरमध्ये ती फुलायला जागाच उरत नाही, गोळी चिमट्यात धरल्यासारखी अडकते आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून मान आतून रीम करावी लागते किंवा बाहेरून घासून पातळ करावी लागते. फार मोठा बदल असेल तर एका दमात होत नाही, खांदा सुरकुततो. मग दोन-तीन डाय वापरून हळूहळू खाली यावं लागतं.

दुसरी अडचण आपण मटेरियल सायन्समध्ये शिकलेली. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते थंड असताना वाकवलं, दाबलं की कडक होतं. हे आपल्या तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पुण्यातल्या तांबट आळीत ठोके मारून मारून कडक झालेलं भांडं पुन्हा तापवून मऊ करतात आणि मग पुढचे ठोके पडतात. पुंगळीचंही तेच. मान तापवून मऊ केली नाही तर दोन-चार वापरात ती उभी चिरते.

पण इथे एक मेख आहे. मान मऊ हवी, आणि बूड मात्र कडकच हवं, कारण सगळा दाब शेवटी बुडावर येतो. बूड मऊ झालं तर ते फुटून गरम वायू थेट माणसाच्या तोंडावर. मग करायचं काय? जुनी युक्ती अशी की पुंगळ्या परातीत अर्ध्या पाण्यात उभ्या करायच्या, वरची मान टॉर्चने तापवायची आणि लगेच आडवी पाडायची. खालचा भाग पाण्यामुळे थंड राहतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटेल की पाण्यात पाडल्यावर धातू कडक होणार. तो नियम पोलादाचा. पितळ पाण्यात बुडवलं म्हणून कडक होत नाही. पाणी इथे फक्त उष्णता खाली उतरू नये म्हणून.

या विषयाचं हिंदुस्थानशीही एक जुनं नातं आहे. ब्रिटिश काळात इथल्या सैन्याची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवलेली असायची आणि उघडून बघावं तर पुंगळ्यांना आपोआप तडे! पावसाळ्यात होतं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. कारण १९२१ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी सिद्ध केलं: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि आकार देताना पितळेत अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की तडा. उपाय म्हणजे शेवटी हलकं तापवून ताण काढून टाकणं. सैनिकी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ती याच तापवण्याची खूण.

आता अ‍ॅकलींनी काय केलं ते बघू. जुन्या पुंगळ्या बुडाकडून मानेकडे चांगल्याच निमुळत्या होत्या आणि खांदे उतरते. निमुळती वस्तू चेंबरमधून सहज बाहेर येते हा त्याचा फायदा. अ‍ॅकलींनी हा निमुळतेपणा जवळजवळ काढून टाकला आणि खांदा उभा केला, पुढे पुढे तर ४० अंशांचा. आत दारूला जागा वाढली. यालाच अ‍ॅकली इम्प्रूव्ह्ड म्हणतात. पुंगळी सुधारण्याचं हे काम करणारे ते एकटे नव्हते, पण त्यांचं नाव चिकटलं त्याचं एक कारण आहे.

अ‍ॅकलींच्या पद्धतीत नवीन आकार डायने द्यावा लागत नाही, तो बंदूकच देते. चेंबर नव्या आकाराचं कापून घ्यायचं आणि त्यात कंपनीचं साधं काडतूस टाकून उडवायचं. दाबाने पितळ फुगतं आणि चेंबरचा हुबेहूब आकार घेतं. हे फायर फॉर्मिंग. पण साधं काडतूस मोठ्या चेंबरमध्ये सैल बसलं तर? टोपीवर फटका बसताच ते पुढे सरकणार, आणि उडताना पुंगळी बुडापाशी ताणून तुटणार. म्हणून अ‍ॅकली चेंबर मूळ मापापेक्षा इंचाच्या चार हजारांशाने आखूड ठेवत. म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर, आपल्या केसाच्या जाडीइतकं. त्यामुळे साधं काडतूस मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे किंचित दाबून बसतं आणि हलत नाही. बोल्ट बंद करताना हाताला थोडा जोर जाणवतो, बस्स. याचा अर्थ अडचणीच्या प्रसंगी मालक गावातल्या कुठल्याही दुकानातून साधी काडतुसं घेऊन तीच बंदूक वापरू शकतो. मला यात खरी इंजिनिअरिंग दिसते. नवीन तर करायचं, पण जुन्याचा रस्ता बंद करायचा नाही.

काही रानमांजरांना मात्र एवढं साधं जमत नाही. खांदाच मागे न्यायचा असेल तर आधी मान मुद्दाम मोठी करून पुन्हा थोडी बारीक करतात, म्हणजे काडतूस टेकायला एक खोटा खांदा तयार होतो. काही जण गोळी न लावताच, थोड्या दारूवर रव्यासारखं भरण घालून पुंगळी फुगवतात. हो, अमेरिकेत नाश्त्याला मिळणारा गव्हाचा रवाच!

दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅकली यूटा राज्यातल्या ऑग्डेन आर्सेनलमध्ये सैन्याच्या शस्त्रांचं काम करत होते. त्यानंतर कोलोरॅडो राज्यात त्रिनिदाद नावाच्या कोळशाच्या खाणींच्या गावात त्यांनी दुकान थाटलं आणि ते वाढून देशातल्या मोठ्या खासगी बंदूक-वर्कशॉपपैकी एक झालं. युद्धावरून परतलेल्या जवानांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली होती. त्रिनिदादच्या ज्युनिअर कॉलेजात बंदूक-कारागिरीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि अ‍ॅकली तिथे शिकवू लागले. कालपर्यंत एकाच्या दुकानात उमेदवारी करून मिळणारी, जपून ठेवलेली विद्या वर्गात फळ्यावर आली.

या सगळ्या काळात त्यांचा एक उद्योग चालू होता, तो म्हणजे लोक जे खात्रीने बोलतात ते तपासून बघणं. युद्धानंतर अमेरिकेत जो तो म्हणत होता की जपानी अरिसाका रायफल म्हणजे भंगार. दिसायलाही ती ओबडधोबड, विशेषतः युद्धाच्या शेवटी बनलेली. अ‍ॅकलींनी वेगवेगळ्या देशांच्या सैनिकी रायफली घेतल्या, आणि दारूचं प्रमाण वाढवत वाढवत प्रत्येक ॲक्शन निकामी होईपर्यंत उडवून पाहिली. आपल्याकडच्या डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगसारखंच. जर्मन माउझर, अमेरिकन स्प्रिंगफील्ड, एन्फील्ड एकेक करून हार मानत गेल्या आणि सगळ्यांत शेवटपर्यंत टिकली ती भंगार ठरलेली अरिसाका. शत्रूची वस्तू म्हणून तिला नावं ठेवणं सोपं होतं. पण पोलाद कुठल्या देशाचं आहे ते दाबाला कळत नाही.

दुसरा प्रयोग त्यांच्या स्वतःच्या पुंगळीवर होता. आधी थोडं गणित करू. .३०-०६ मध्ये दाब जास्तीत जास्त ६०,००० पीएसआयपर्यंत जाऊ देतात. गाडीच्या टायरमध्ये ३० असतो, म्हणजे दोन हजार पट. पुंगळीचा आतला व्यास बुडाशी १० मिलिमीटर धरला तरी बोल्टवर मागे सव्वातीन टनांच्या आसपास रेटा येतो. दोन जीपगाड्या एका बोटाएवढ्या जागेवर! पण हा सगळा रेटा खरंच बोल्टवर येतो का? पुंगळीची भिंत फुगून चेंबरला घट्ट धरते, ती काही भार उचलत नाही का?

अ‍ॅकलींनी विंचेस्टरची १८९४ मॉडेलची रायफल घेतली, तिला .३०-३० इम्प्रूव्ह्डचं चेंबर केलं आणि बोल्टला मागून अडवणारा पोलादी ठोकळाच काढून टाकला. म्हणजे दाराची कडी काढून ठेवली. आणि उडवलं. दार उघडलं नाही. सरळ भिंतींच्या पुंगळीने चेंबरला इतकं घट्ट धरलं होतं की मागे येणारा रेटा जवळजवळ नव्हताच. निमुळतेपणा कमी केल्याने बोल्टवरचा भार कमी होतो हे त्यांनी असं दाखवलं.

आता इथेच सावध राहायला हवं, आणि माझ्या मते अ‍ॅकलींच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. हा प्रयोग वाचून कित्येकांनी अर्थ काढला की इम्प्रूव्ह्ड पुंगळीत वाटेल तेवढी दारू भरा, बोल्टला काही होत नाही. पण प्रयोगातून तसं निघतच नाही. .३०-३० चा दाब कमी, ४२,००० पीएसआयच्या घरातला. तेवढ्या दाबाला पितळेची भिंत बूड धरून ठेवू शकते. दाब ६०,००० कडे गेला की पितळ ताणलं जातं आणि बूड बोल्टवर येऊन टेकतंच. आणि चेंबरला तेल लागलेलं असेल तर पकड सुटते, भिंत भार उचलतच नाही. प्रयोग बरोबर होता, पण तो कुठल्या मर्यादेत बरोबर आहे हे ज्याने पाहिलं नाही त्याच्या डोळ्यांवर बेतू शकतं.

अ‍ॅकली नंतर सॉल्ट लेक सिटीला गेले आणि तिथेच राहिले. १९६२ आणि १९६६ मध्ये त्यांच्या हँडबुकचे दोन खंड निघाले. शेकडो काडतुसं, त्यांची मापं आणि प्रत्येकावर त्यांचा शेरा. मला हे शेरे फार आवडतात. ज्याचं पोट रानमांजरांच्या चेंबरवर चालतं तो माणूस स्पष्ट सांगतो की यातली पुष्कळशी निरुपयोगी आहेत, नळी खातात आणि हाती काही देत नाहीत. फायदा होतो तो मुख्यतः जुन्या, फार निमुळत्या पुंगळ्यांमध्ये. आजचा ढोबळ नियमही हेच सांगतो: दाब तोच ठेवला तर आतली जागा जितके टक्के वाढते त्याच्या साधारण चौथा हिस्साच वेग वाढतो. जागा ८ टक्के वाढवा, वेग २ टक्के. लोक मात्र याच्या कित्येक पट वेग मिळाल्याचं सांगत. तो जादा वेग खांद्याच्या आकारातून आलेला नव्हता, न मोजलेल्या जादा दाबातून आला होता.

त्यांना विनोदाचंही अंग होतं. भल्या थोरल्या .३७८ वेदरबी मॅग्नमची मान इवल्याशा .२२ गोळीपर्यंत आवळून त्यांनी एक काडतूस बनवलं. सेकंदाला ५,००० फुटांचा वेग गाठायचा खटाटोप होता. ४,६०० च्या आसपास गाडी अडली. त्याचं नाव ठेवलं इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर. जर्मन वाटणारं हे नाव म्हणजे शुद्ध थट्टा, आपल्या भाषेत कानठळ्याबसव्या धडामधूम! हत्तीच्या पातेल्यात चहा करून बशीत ओतावा तसा तो प्रकार, हे त्यांनाही ठाऊक होतंच.

उणी बाजूही सांगायला हवी. दाब मोजण्याची साधनं तेव्हा महाग होती आणि त्यांच्या पुस्तकातल्या बहुतेक आकड्यांसोबत मोजलेला दाब दिलेला नाही. टोपी चपटी झाली का, पुंगळी अडकते का अशा खुणांवर काम चालायचं. आज माहीत आहे की या खुणा दिसेपर्यंत दाब मर्यादेच्या पुढे गेलेला असतो. म्हणून आजचे जाणकार त्या आकड्यांनी दारू भरत नाहीत.

१९८९ साली अ‍ॅकली गेले. २००७ मध्ये त्यांच्या .२८० अ‍ॅकली इम्प्रूव्ह्डला अमेरिकेतल्या उद्योगसंस्थेचं अधिकृत प्रमाण मिळालं आणि कंपनीची तयार पुंगळी बाजारात आली. ठरवून दिलेल्या दाबाच्या मर्यादेसह, बुडावर त्यांचं नाव घेऊन. रानमांजर घरात आलं.

मित्रांनो, प्रॅक्टिकलला आलेलं रीडिंग पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून घ्यायची पद्धत कुठल्याही होस्टेलला नवीन नाही. व्हायवा निघून जातो, सबमिशन होतं. पण उद्या आपण डिझाइन केलेल्या बॉयलरशेजारी, लिफ्टमध्ये, पुलावर कुणीतरी उभं असणार आहे आणि तिथे दाब जर्नल वाचत नाही. अ‍ॅकलींचे आकडे जुने झाले, काही चुकीचेही ठरले. सगळे म्हणतात ते एकदा स्वतः तपासायचं, आणि उत्तर आपल्या धंद्याच्या विरुद्ध आलं तरी तसंच लिहायचं, ही त्यांची सवय मात्र आपण बिनधास्त कॉपी करावी. या एका कॉपीला कुठलेच सर मार्क कापणार नाहीत.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी